क्षारपड रानात ऊस सोडून धान्य घ्यायचं, तर काय घ्यावं?

मळीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय.

गाव वाळवा तालुक्यात. मी पुण्यात नोकरीला, शेती वडील बघतात. खालच्या अंगाचं तीन एकर रान फुटलंय, म्हणजे वर मीठ आलंय. लावणीचा ऊस कसाबसा पदरात पडतो, खोडव्याला नुसते बुडखे राहतात. वडिलांनी आता ठरवलंय की त्या तुकड्यात ऊस बंद. घरापुरता गहू, शाळू (रब्बी ज्वारी), हरभरा आणि जमलं तर कांदा करायचा. "उसानं मीठ आणलं, धान्यानं जाईल" असा त्यांचा हिशेब.

माझी शंका या हिशेबाबद्दलच आहे. गेल्या रब्बीत तिथल्याच एका कोपऱ्यात हरभरा टोकून बघितला. उगवण तुटक. वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर आला होता, तिथली टोकण उकरली तर बी कुजलेलं नव्हतं, किड्यानं खाल्लेलंही नव्हतं, नुसतं फुगलंच नव्हतं. पिशवीतून काढल्यासारखं. वरंब्याच्या बगलेला मात्र रोपं आली. आली त्यांची खालची पानं आधी कडेनं करपली, मग करपा वर वर सरकत गेला. सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट ही की माती हाताला ओली लागत होती आणि रोपं भर दुपारी मान टाकून उभी होती. बुडाशी पाणी असताना पीक सुकतं कसं?

माती परीक्षण करून आणलंय: सामू (पीएच) ८.३, ईसी (विरघळलेल्या मिठांचा आकडा, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) २.१, सेंद्रिय कर्ब ०.६, चुनखडी भरपूर. कागदावर खाली "जिप्सम टाकावे" एवढंच लिहिलंय.

तर प्रश्न दोन. अशा रानात कुठलं धान्य येईल? आणि जिप्सम टाकावं का?

तिखटमीठ

धाग्याचं नाव वाचून माझ्या आयडीबद्दल काही आहे वाटलं. बसतो, वाचतो.

पंचगंगाकाठ

मी शिरोळचा. आमच्याकडं हा रोग जुना आहे, त्यामुळं जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

जिप्समची पोती आणायच्या आधी रान नेमकं कशानं बिघडलंय ते बघा. सगळे सरसकट "क्षारपड" म्हणतात, पण त्यात दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हीची औषधं वेगळी. एक क्षारयुक्त रान. विरघळणारी मिठं जास्त, उन्हाळ्यात वर पांढरं फूल येतं, माती तशी भुसभुशीत असते. दुसरं चोपण. त्यात सोडियम मातीच्या कणाला जाऊन चिकटलेला असतो. पाणी दिलं की चिखल, वाळलं की दगड, वर काळपट डाग, पाणी दिवस दिवस वर उभं. बरेचदा दोन्ही एकत्र असतात.

घरच्या घरी बघायचं असेल तर वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या नाहीतर बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. दुसऱ्या दिवशी भोवतीचं पाणी दुधासारखं गढूळ झालेलं दिसलं तर चोपण. ढेकूळ फुटलं पण पाणी निवळ राहिलं तर सोडियमचा कहर बहुधा नाही, त्रास मिठाचा. बोअरचं पाणी वापरू नका, त्यात खेळ फसतो.

जिप्सम हे चोपणाचं औषध. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावतो आणि मोकळा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. खाली जायला वाट असेल तर! वाट नसेल तर तुम्ही मिठाच्या रानात आणखी एक मीठ विकत आणून टाकलं, एवढंच.

म्हणून "कुठलं धान्य" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, रानातलं पाणी बाहेर कुठनं जातंय?

शंकासूर

एक बाळबोध प्रश्न. वाळव्याला समुद्र नाही. मीठ आलं कुठून?

मृद्गंध

शंकासूर, बाळबोध नाही, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. (मी आयुष्यभर मृदाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. लांबण लागेल, सांभाळून घ्या.)

थोडं मीठ मातीतच असतं. आपला काळा दगड झिजतो तेव्हा सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटे होत राहतात. कोरडवाहू शेतीत पावसाचं पाणी त्यांना खोल नेऊन ठेवतं आणि मूळ तिथवर पोचत नाही. बाकीचं मीठ आपण पाण्यातून आणतो. ज्या पाण्याची ईसी ०.५ आहे ते पाणी गोडंच म्हणायचं, पिऊन बघितलं तर कळणारही नाही. तरी त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. पाटानं उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी देणारे आपल्याकडे कमी नाहीत. एका एकरावर दोन मीटर म्हणजे ८० लाख लिटर. गुणाकार केला तर एकरी अडीच टन मीठ, दरवर्षी. पीक पाणी उडवून टाकतं, मीठ बहुतेक सगळं मागे ठेवतं.

तरीही यानं एकट्यानं रान बिघडत नाही. निचरा चांगला असला तर पावसाळा ते खाली धुऊन नेतो. गोम अशी की जादा पाण्यानं जमिनीखालची पाणीपातळी वर चढते. ती तीन-चार फुटांवर आली की भारी काळ्या मातीत पाणी केशाकर्षणानं थेट पृष्ठभागापर्यंत चढतं, उन्हानं उडतं आणि खालचं जुनं मीठसुद्धा वर आणून ठेवतं. मळीकरांच्या वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर याचसाठी, कारण पाणी दोन्ही सऱ्यांतून माथ्याकडे ओढलं जातं आणि तिथं उडतं. बगलेला मीठ कमी, म्हणून तिथलं बी उगवलं.

हे आजचं नाही. ब्रिटिशकाळात नीरा डावा कालवा झाला आणि पंचवीसेक वर्षांत त्या खोऱ्यातली रानं पांढरी पडायला लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० सालीच त्यावर सविस्तर अहवाल लिहिला होता. कारण तेव्हाही हेच होतं: पाणी आणलं, बाहेर काढायची सोय केली नाही.

मृद्गंध

आता मळीकरांच्या हरभऱ्याकडे. त्याच्यावर दोन वेगवेगळे घाव पडले.

पहिला तहानेचा. मुळाच्या पेशीतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असतो म्हणून पाणी आत ओढलं जातं. बाहेरच्या पाण्यातच मीठ वाढलं की ओढ कमी होते. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, ते याच नियमानं. तुमच्या टोकणीतलं बी ओल्या मातीत कोरडं राहिलं आणि रोपं ओलीत उभी राहून सुकली, ती यामुळे. हा घाव मीठ लागल्या लागल्या बसतो. पानं लहान राहतात, फुटवे कमी येतात, आणि शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. तो आणखी पाणी देतो. पातळी आणखी वर येते.

दुसरा घाव विषाचा, तो सावकाश बसतो. पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड पानात चढतात. पाणी उडतं, ते तिथंच राहतात. सगळ्यात जुन्या पानात सगळ्यात जास्त दिवसांचा साठा, म्हणून करपणं खालून वर आणि कडेकडून आत. शिवाय सोडियम पोटॅशच्या जागेवर जाऊन बसतो आणि पोटॅशचं काम मात्र करत नाही. ज्या पिकाला सोडियम मुळाशीच अडवता येतो ते तगतं. गव्हाला हे बऱ्यापैकी साधतं, हरभऱ्याला नाही. कडधान्याचं दुखणं दुहेरी आहे, कारण मुळावरच्या गाठी धरणं हे झाडाच्याही आधी बंद पडतं, मग नत्राचीही उपासमार.

आता आकडे. मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली जगभरचे प्रयोग एकत्र करून प्रत्येक पिकाची सहनशक्ती मांडली. कुठल्या ईसीपासून उत्पादन घसरायला लागतं, आणि पुढे प्रत्येक एककाला किती टक्के जातं. घेवडा १ पासून, एककाला १९ टक्के. कांदा १.२ पासून, १६ टक्के. मका आणि ऊस दोन्ही १.७ पासून, पण मका १२ टक्क्यांनी पडतो आणि ऊस सहाच्या आसपास. भात ३ पासून, १२ टक्के. भुईमूग ३.२ पर्यंत तगतो, पुढे एककाला २९ टक्के म्हणजे कडेलोटच. सोयाबीन ५, नंतर २०. गहू ६ पर्यंत शाबूत आणि पुढेही फक्त ७ टक्के. ज्वारी (हा आकडा नंतरच्या प्रयोगांतला) ६.८, पण पुढे १६. जव म्हणजे सातू ८, पुढे ५.

यात उसाची ओळ नीट वाचा. ईसी ६ झाली तरी ऊस पाऊण उत्पादन देत उभा असतो. शेतकऱ्याला वाटतं रान ठीक आहे. त्याच रानात घेवडा पेरला असता तर दाणा दिसला नसता. उसानं मीठ आणलं हे अर्धंच खरं, त्यानं मीठ लपवून ठेवलं हे जास्त खरं.

ऊसकरी

आलं का उसावर. कुठलाही धागा काढा, शेवटी गुन्हेगार ऊसच.

एक सांगा, गव्हाला हमीभाव जाहीर होतो, तो बांधावर मिळतो का? उसाची एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर) उशिरा का होईना, खात्यावर येते. उसाला गारपीट लागत नाही, चोर नेत नाही, पुरात चार दिवस उभा राहतो. मग माणूस ऊस लावणार नाहीतर काय करणार? आणि आमच्याकडं शेतीची लाईट रात्री येते. मोटर चालू करून माणूस घरी जाऊन झोपतो, साप-विंचवात कोण दारं मोडत, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत बसणार? सकाळपर्यंत पाणी सरीतून ओढ्याला. हे पाणी पिकानं मागितलेलं नसतं, लाईटच्या वेळापत्रकानं दिलेलं असतं.

पंचगंगाकाठ

ऊसकरी, पटलं. रात्रीच्या लाईटचा मुद्दा शंभर टक्के. आमच्यात वरच्या अंगाचा माणूस रात्री पाणी सोडतो आणि खालच्या अंगाच्या माणसाचं रान फुटतं. खालचा काही न करता मरतो. मळीकर, तुमचं तीन एकर खालच्या अंगाला आहे म्हणालात ना? मग तुम्ही ऊस बंद करून वर्षभर उपास केला तरी वरून पाझर येतच राहणार.

हिरवाई२

सगळे इतके निराश का? आता नवीन तंत्रज्ञान आलंय. विहिरीच्या पाइपला चुंबकाचं यंत्र बसवायचं, क्षार निष्क्रिय होतात. माझ्या ओळखीत एकानं बसवलंय, रिझल्ट छान आहे म्हणे. सोबत जिवाणूंचं औषध सोडायचं, ते मीठ खातात.

मृद्गंध

हिरवाई, यंत्राच्या आधीचं आणि नंतरचं पाणी दोन बाटल्यांत भरा आणि कुठल्याही प्रयोगशाळेत ईसी काढा. आकडा तोच आला तर मीठ तेवढंच आहे. सोडियम हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते खाऊन संपवू शकत नाहीत. सेंद्रिय खत, जिवाणू यांनी मातीची रचना सुधारते, पाणी मुरतं, रोप थोडं जास्त सोसतं, हे सगळं खरं. पण शेतातलं मीठ शेताबाहेर पाण्याबरोबरच जातं.

मळीकर, तुमच्या कागदातली एक मेख राहिली. तुमचा २.१ आकडा बहुधा एक भाग माती, अडीच भाग पाणी असं ढवळून काढलेला आहे, आपल्या बहुतेक प्रयोगशाळा तसंच करतात. मी वर दिलेले आकडे जेमतेम मावेल एवढंच पाणी घालून मातीचा संपृक्त लगदा करून त्यातून ओढलेल्या पाण्याचे आहेत. भारी मातीत तोच नमुना लगद्यात काढला तर आकडा साधारण दोन-तीन पट येतो. म्हणजे तुमचं रान २ नाही, ५ च्या पुढेमागे धरा. ५ ला कांद्याचं साठ टक्के उत्पादन गेलेलं असतं आणि गव्हाला अजून धक्का लागलेला नसतो. हा फरक न कळल्यामुळे किती जणांनी "ईसी दोनच आहे, चालतंय" म्हणून कांदा लावला असेल!

आणि विनिमययुक्त सोडियमची (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची) टक्केवारी काढून घ्या, ती तुमच्या कागदात नाहीच. पुस्तकात १५ च्या वर चोपण म्हणतात. पण आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत १५ ची वाट बघू नये, निचरा त्याच्या बराच आधी बिघडतो. पूर्णा खोऱ्यातल्या अभ्यासात हे दिसलंय.

पूर्णाकाठ

पूर्णेचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी अकोल्याकडचा, खारपाण पट्ट्यातला. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत नदीच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा आहे.

आमचं दुखणं तुमच्या उलट आहे भाऊ. तुम्ही पाणी जास्त दिलं म्हणून बिघडलं, आमचं भूजलच खारं. बोअर मारला की पाणी लागते, पण ते पिता येत नाही अन् पिकाला देता येत नाही. कोणी नवा माणूस हौसेनं देते. पहिल्या वर्षी गहू मस्त दिसते, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमीन अशी आवळते की वखर लागत नाही. पाण्यातला सोडियम मातीत बसला, कॅल्शियम चुनखडीत अडकला. पाऊस पडला तर वरचं पाणी वरच राहते.

म्हणून आमचे आजे-पणजे ओलीत करतच नव्हते. खरिपात कपाशी, तूर, मूग, अन् रब्बीत जमिनीतल्या ओलीवर हरभरा. हरभरा मिठाला नाजूक हे खरंच, पण पावसानं वरचा थर धुतलेला असते, त्या ओलीवरच तो निघून जाते. खालच्या खारटाशी गाठ पडेपर्यंत घाटे भरत आलेले असतात. आता शेततळी झाली आहेत, पोकरा या सरकारी शेती योजनेत आमच्या पट्ट्यातली गावं घेतली होती. तळ्यातलं पावसाचं गोडं पाणी तुषारनं एक-दोनदा मिळालं तरी हरभऱ्यात फरक पडते.

सांगायचं हे की हरभरा येईल की नाही हे फक्त हरभऱ्यावर नसते, त्याच्या मुळ्या जिथं आहेत तिथं त्या महिन्यात किती मीठ आहे यावर असते.

खारेपाटकर

धाग्यात समुद्र आणल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्याकडे मीठ खरंच समुद्रातून येतं.

अलिबाग-पेणची खारेपाटाची शेती म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. बांधाला उघाड्या असतात. भरतीला दार मिटतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर ढकलतं. वरून अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. जून-जुलैचा पाऊस वरचं मीठ धुतो आणि मगच भात. लवकर लावलात तर रोप जळतं. भाताचं गणित विचित्र आहे. बी रुजताना मीठ बऱ्यापैकी सोसतं, दोन-तीन पानांचं कोवळं रोप सोसत नाही, फुटव्यात पुन्हा सोसतं, आणि फुलोऱ्यात परत नाजूक. म्हणून खाऱ्या जमिनीत जास्त दिवसांचं, निबर रोप लावतात आणि चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) जरा जास्त काड्या धरतात. काही ठिकाणी लावणीच नाही, चिखलात मोड आलेलं बी फेकायचं, त्याला रहू म्हणतात. पूर्वी काळा राता, भुरा राता असे तांबडे भात होते, मीठ पचवणारे. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल १, २, ३ हे वाण दिले.

पण वाण कितीही चांगला असो, बांधाला खांड गेली की खेळ संपला. एका उधाणात खारं पाणी आत आलं तर पुढची दोन-तीन वर्षं भात नाही, आणि तोवर आत कांदळवन उगवतं. मग बांध दुरुस्त करायला गेलं की कांदळवनाची परवानगी आडवी येते. खारभूमीचा कायदा १९४८ चा, मग नवीन १९७९ चा, कायद्याला कमी नाही. बांधावर माती टाकायला माणूस नाही. पूर्वी गाव मिळून टाकायचं. (याच खारेपाटात चरी गावी १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी जमीन कसायची नाही असा संप केला होता, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. जमीन खारी असेल, माणसं आळणी नव्हती.)

साष्टीकर

खारेपाटकर, गोव्यात हेच खाजन. दाराला आम्ही मानस म्हणतो, आणि कोरगुट हा आमचा खारा भात. मजा अशी की भात झाल्यावर त्याच पाण्यात मासळी. बांध फुटण्याची कथा सेम टू सेम, त्यात आणखी एक भर: काही ठिकाणी मासळीत पैसा जास्त म्हणून मानशीतून मुद्दाम खारं पाणी आत घेतात आणि भाताचं रान जातं.

इतिहासकिडा

दक्षिण इराकमध्ये, सुमेरच्या भूमीत, हजारो वर्षांपूर्वी कालव्याच्या शेतीत गव्हाची जागा हळूहळू जवानं घेतली आणि त्याचं कारण मीठ, अशी मांडणी जेकबसन आणि ॲडम्स यांनी १९५८ साली केली. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतलेत, तेव्हा "मिठानं सुमेर बुडवलं" असं व्हॉट्सॲपवर फिरवू नका. पण मृद्गंध यांच्या आकड्यांत गहू ६, जव ८ बघून आठवलं.

फ्रेस्नोकर

कॅलिफोर्नियातून. पंचगंगाकाठ विचारतात "पाणी बाहेर कुठनं जातंय", त्याच्या पुढचा प्रश्न मी विचारतो: बाहेर गेलेलं पाणी पुढे कुठं जातं?

इथल्या सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम भागात हाच आजार. वर कालव्याचं पाणी, खाली न झिरपणारा मातीचा थर, मधे चढती पातळी. त्यांनी जमिनीखाली पाइप टाकले, मोठा कालवा खणून निचऱ्याचं पाणी समुद्राकडे न्यायचं ठरवलं. तो कालवा पुरा झालाच नाही, केस्टरसन नावाच्या जलाशयाशी येऊन थांबला. जमिनीतलं सेलेनियम त्या पाण्यातून तिथं साठलं आणि १९८३ मध्ये पाणपक्ष्यांची पिल्लं बिनडोळ्यांची, वाकड्या चोचीची निघू लागली. १९८६ मध्ये तो निचरा बंद केला. शेतं सुधारायचं काम तिथंच अडकलं, काही जमीन कायमची पडीक टाकावी लागली.

कृष्णाकाठी सेलेनियम असेलच असं मी म्हणत नाही. पण तीन एकराचं मीठ ओढ्यात, ओढ्याचं नदीत, आणि नदी पुढे कुणाच्या तरी उपसा योजनेत, एवढं तरी आहेच.

पंचगंगाकाठ

बरोबर आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा जाणवत नाही. मीठ जास्त निघतं तेही तेव्हाच, हा त्यातला त्यात दिलासा. उन्हाळ्यात नदीला धार नसते तेव्हा प्रश्न येतो.

मळीकरांसाठी पाइप निचऱ्याचं सांगतो, आमच्या भागात हे भरपूर झालंय. शिरोळच्या दत्त कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र करून हजारो एकरांवर केलं. नालीदार छिद्रांचा पीव्हीसी पाइप, ८० मिलिमीटरचा, वरून गाळणीचं कापड, तीन-चार फूट खोल. दोन ओळींतलं अंतर माती बघून, भारी मातीत जवळ. या ओळी मोठ्या पाइपला जोडायच्या आणि तो ओढ्याला काढायचा. काम सोपं दिसतं, पण ओढा तुमच्या पाइपपेक्षा खोल पाहिजे, आणि आपले निम्मे ओढे गाळानं भरलेले नाहीतर बुजवून ऊस लावलेले! पाइप मधल्या तीन शेजाऱ्यांच्या रानातून जाणार, त्यातला एक नाही म्हणाला की काम बंद. म्हणून एकट्यानं करू नका. पैसे तर जातातच, वर भांडण मिळतं.

सईबाई

मी गृहिणी, शेतीतलं कळत नाही, पण एक विचारते. अशा जमिनीतलं धान्य खारट लागतं का?

मृद्गंध

नाही लागत, सईबाई. झाड दाण्यात सोडियम सहसा जाऊ देत नाही, जुन्या पानात टाकतं. दाणे कमी भरतात, बारके राहतात. पालेभाजीची गोष्ट वेगळी, तिथं आपण पानच खातो.

मळीकर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस गावी जाऊन आलो, धागा वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. ऊसकरींच्या प्रतिसादाला ते जोरात "बरोबर" म्हणाले.

ढेकळाची परीक्षा केली. खालच्या कोपऱ्यातलं ढेकूळ गढूळलं, मधल्या पट्ट्यातलं फुटलं पण पाणी निवळ राहिलं. म्हणजे एकाच तीन एकरात दोन आजार. फूट-फुटाच्या खोलीचे नमुने आता वेगवेगळे पाठवलेत, सोडियमची टक्केवारी आणि लगद्याची ईसी मागितली आहे. पाणीपातळी बघायला छिद्रं पाडलेला पाइप पाच फूट गाडून ठेवलाय. सध्या पाणी साडेतीन फुटांवर दिसतंय, आणि वरच्या शेजाऱ्यानं पाणी फिरवलं की चढतं, हे वडिलांनी स्वतः दोरी सोडून मोजलं. त्यानंतर "धान्यानं जाईल" हे वाक्य परत ऐकू आलेलं नाही.

पिकाचं असं ठरतंय: खरिपात तिन्ही एकरांत धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक), फुलावर आला की गाडायचा. रब्बीत मधल्या पट्ट्यात गहू. शाळू थोडा, वैरणीसाठी तरी. कांदा आणि हरभरा वरच्या चांगल्या रानात, जिथला थोडा ऊस काढावा लागेल. खालच्या कोपऱ्याचं अहवाल आल्यावर बघू. गव्हासाठी कर्नालच्या क्षारपड जमिनीवर काम करणाऱ्या संस्थेचा केआरएल २१० हा वाण मिळाला तर आणावा का? नेटवर फार कौतुक वाचलं.

मृद्गंध

तो वाण उत्तरेच्या लांब थंडीसाठी आहे. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन तापतं, दाणा भरायला वेळ मिळणार नाही. पहिल्या वर्षी आपल्या भागातलाच शिफारशीचा गहू घ्या, बी नेहमीपेक्षा थोडं जास्त टाका कारण उगवण कमी होणार. पेरणीआधी एक भरपूर भिजवण द्या, वरचं मीठ खाली ढकललं जाईल. पुढचं पाणी हलकं पण लवकर लवकर. रान वाळू दिलंत की मीठ वर. गव्हाच्या ओळींत उसाचं पाचट अंथरता आलं तर बघा, माती झाकली की पाणी कमी उडतं. सामू जास्त असताना युरिया वर फेकू नका, बराचसा हवेत जातो, मातीआड करा. आणि टोकण करायचं पीक असेल तर वरंब्याच्या माथ्यावर नाही, बगलेला. ते तुमच्या हरभऱ्यानं तुम्हाला सांगितलंच आहे.

जिप्सम फक्त खालच्या कोपऱ्याला, तेही सोडियमचा आकडा आल्यावर त्या हिशेबानं आणि निचरा झाल्यावर. चुनखडी भरपूर आहे म्हणजे गंधकही चालेल, ते मातीत आम्ल होऊन चुनखडीतलाच कॅल्शियम मोकळा करतं. सावकाश करतं, पण करतं.

ऊसकरी

आणि काही वर्षांनी परत ऊस लावावासा वाटला तर फुले २६५ लावा, को ८६०३२ पेक्षा अशा रानात बरा तगतो. बघा, मी पण उपयोगी बोलतो कधी कधी.

पंचगंगाकाठ

मळीकर, एक काम पावसाच्या आत उरका. ओढ्याच्या तळाची आणि तुमच्या खालच्या कोपऱ्याची लेव्हल काढून घ्या, गावात रस्त्याचं काम करणारा कुणी असेल त्याच्याकडं दुर्बीण असते. ओढा चार फूट तरी खाली निघाला तर पाइपचं बोलू. नाही निघाला तर आधी ओढा काढायचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या, आणि त्यावर वरच्या शेजाऱ्याची सही घ्या. डिग्रजच्या संशोधन केंद्रात निचऱ्याचं काम झालेलं आहे, तुमच्याकडनं लांब नाही, अहवाल घेऊन एकदा जाऊन या. लेव्हलचा आकडा आला की इथंच टाका.